नव्या शेवरवाडीत कौल लावत नाहीत

नव्या शेवरवाडीच्या माळावर निरमाईचे देऊळ आहे, पण गाभारा रिकामा. मूर्ती चोरीला गेली का, असे पाहुणे विचारतात. चोर बिचारा काय नेणार? निरमाई म्हणजे जमिनीतून वर आलेला स्वयंभू पाषाण. ती धरणाच्या तळाशी आहे.

जुनी शेवरवाडी खाली खोऱ्यात होती. विजेसाठी धरण बांधले, भिंत पुरी झाली, पाणी चढू लागले. उठा, उठा म्हणून साहेबलोकांचे घसे बसले. पण शेवरवाडीत देवीच्या कौलाशिवाय नांगरसुद्धा जुंपत नसत, तिथे गाव कसे उठणार? पाषाणाला दोन ओल्या पाकळ्या चिकटवायच्या. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. नवऱ्यामागे पूजा साळू गुरविणीकडे होती. तिने कौल लावला, डावी पडली. पुन्हा लावला, पुन्हा डावीच. पाणी खालच्या आळीत शिरले, तरी पोरे कडेवर घेऊन बायका देवळात बसून राहिल्या, म्हणे.

देवी खोटे बोलत नाही, हे साळूला ठाऊक होते. तरी ती पाषाणाला खेटून बसली, पदर पुढे ओढला आणि उजव्या पाकळीवर हलकेच फुंकर मारली.

"दिला! आईनं कौल दिला! उठा गं, पोरं उचला!"

गाव रडत रडत डोंगर चढले. मुलगा केरबा तिला न्यायला परतला, तर ती पाषाणाला पाठ लावून बसलेली.

"तू जा, बाबा. आईच्या तोंडी खोटं घातलंय मी. आता तिला एकटी टाकून कुठल्या तोंडानं येऊ?"

त्याने हात ओढला, पाया पडला, शिव्याही दिल्या. पाणी उंबऱ्याला लागले तेव्हा तिनेच त्याला बाहेर ढकलले, असे सांगतात.

गावाच्या वाट्याला आलेला माळ म्हणजे नुसता खडक. विहिरी कोरड्या. खोऱ्यातली वीज डोक्यावरून शहरांकडे गेली, वाडीत रॉकेलची चिमणीच राहिली. पहिल्याच उन्हाळ्यात पोरे दगावली. देवी का नको म्हणत होती, ते तेव्हा कळले. पण साळूला कोणी बोल लावला नाही. गाव खाली राहते तर बुडालेच असते.

आजही इथे लग्न असो, पेरणी असो, कुठल्याच देवाला कौल लावत नाहीत. श्रद्धा उडाली म्हणून नव्हे. पाकळी पुन्हा डावी पडली, तर आता जायचे कुठे?