दात नसलेल्यांचं जेवण

एका लहानशा संस्थानात राजेसाहेबांचा मुलगा आठ महिन्यांचा झाला, तरी नुसत्या दुधावरच होता. राजवैद्य त्र्यंबकशास्त्रींनी बजावलं होतं, "दात येण्याआधी अन्न देणं म्हणजे विष देणं!" पोर भुकेनं रडून सुकत चाललं. त्याला सांभाळणाऱ्या सारजाला ते बघवेना. तिनं चोरून नाचणीची मऊ पेज भरवायला सुरुवात केली.

चौथ्या दिवशी शास्त्रींनी तिला वाटीसकट पकडून दरबारात उभं केलं.

"माझ्या मुलाला विष घातलंस?" राजेसाहेब गरजले.

विष घालणाऱ्याचा कडेलोट होतो, हे सारजाला ठाऊक होतं.

"सरकार," ती कशीबशी म्हणाली, "तसं असेल तर आधी शास्त्रीबुवांना वाचवा. त्यांच्या तोंडात एकही दात नाही, आणि आज सकाळीच त्यांनी दोन वाट्या खिचडी खाल्लीय."

राजेसाहेब सावकाश वळले.

"शास्त्रीबुवा, तोंड उघडा."

शास्त्रींनी ओठ घट्ट मिटून मान खाली घातली.

राजेसाहेबांनी वाटी उचलून सारजाच्या हातात दिली. "जा, पोर भुकेलं असेल."

सारजा वाटी घेऊन पाळण्यापाशी पोहोचली. पोरानं केव्हाच आ वासला होता.