एकदाच बंद पडलेली गाडी

"मग बाबा, जुनीच ठेवू का नवी घेऊ?"

सोपानने विचारले आणि दर्ग्याच्या पायरीवर बसकण मारली.

महबूबबाबा त्या दर्ग्याचे मुजावर. ते रांजणात पाणी ओतत होते. घाट चढून आलेल्या ड्रायव्हरांसाठी खिंडीत, पिराच्या दारात, तो रांजण कायम असे. तो भरायचे काम बाबा दुसऱ्या कुणाला करू देत नसत.

खाली रस्त्याच्या कडेला दोन पिकअप उभ्या होत्या.

एक सोपान झुरंगेची. मूळची पांढरी, आता पिवळट. मागच्या हौद्याच्या फळ्या दोरीने आवळलेल्या.

दुसरी गुलाब कामठेची. सीटवरचा प्लास्टिकचा कागदसुद्धा अजून निघाला नव्हता. बॉनेटवर झेंडूचा हार होता. गुलाब ती पिराला दाखवायला घेऊन आला होता.

दोघे एकाच वाडीतले. घराला घर लागून, अंजिराच्या बागेला बाग लागून. सोपान दर गुरुवारी बाबांकडे यायचा, बापाच्या वेळेपासून. बाबांना विचारल्याशिवाय त्याने कधी बैल घेतला नव्हता की मुलगी दिली नव्हती. म्हणून सकाळी गुलाबच म्हणाला होता, चल, तू पण तुझी गाडी घेऊन. तिचाही निकाल लावू, बाबा म्हणतील तसं करू.

"तुम्हीच सांगा ह्याला, बाबा," गुलाब म्हणाला. "आता गाड्या कसल्या यायला लागल्यात! एसी हाय. मागचं बघायला कॅमेरा हाय. समोर एवढा मोठा पडदा. चढावर थांबवली तर मागं सरकत नाय. स्टेअरिंग एका बोटानं फिरतं. हा अजून सकाळी खिडकीत कोपर ठेवून धूळ खात बाजारात जातो."

"आणि दिवा लागला म्हणजे?" सोपान म्हणाला.

"कसला दिवा?"

"पिवळा दिवा. पडद्यावर लागतो तो. एक सेन्सर रुसला की गाडी जागच्या जागी उभी. मग कंपनीचा माणूस लॅपटॉप घेऊन येईस्तोवर बसा फाट्यावर. माझी कुणीबी मिस्त्री उघडतो. पाना-पक्कड असली की झालं."

"दहा वर्षांनी लागंल दिवा."

"दहा वर्षांनी माझी चालत असंल, आणि तुझ्या गाडीचा पार्ट मिळत नसंल."

हे सोपान इतक्या वेळा बोलला होता, की जीभ आपोआप पुढे गेली.

"रस्त्यात कधी सोडलं नाय तिनं मला."

"तो एक दिवस सोडला तर," गुलाब म्हणाला.

त्याच्या बोलण्यात टोचणी नव्हती. हिशेबात राहून गेलेली गोष्ट आठवण करून द्यावी, तसा तो बोलला.

सोपानने पायाच्या अंगठ्याने माती उकरली.

"हां... तो एक दिवस सोडला तर."

बाबांचे पाणी ओतणे थांबले.

"सोपाना, जुनी दगा देत नाय म्हणतोस. मग नवी कशाला पायजे?"

"आता... ऊन सोसत नाय, बाबा. एसी असला तर बरं. मागं घेताना मान दुखती. कॅमेरा असला म्हणजे..."

बोलता बोलता त्याला कळले, की आपण गुलाबचेच शब्द त्याच्यासमोर पाठ म्हणून दाखवतो आहोत.

खरे कारण एवढेच होते, की त्याला आता ती गाडी सुरू करवत नव्हती. पहाटे किल्ली फिरवावी आणि पहिल्या झटक्यात इंजिन धडधडावे... पूर्वी तो आवाज आला की छाती फुगायची. गेले वर्षभर तोच आवाज नकोसा झाला होता. वाटायचे, एखादे दिवशी सुरू होऊ नये. खरोखरीच बिघडावी. पण ती बिघडत नव्हती.

"तो एक दिवस कुठला?" बाबांनी विचारले.

सोपान बोलायच्या आत गुलाबनेच सांगितले.

"वडलांना झटका आला तो दिवस, आमच्या आबांना. सकाळी गोठ्यात पडले. तोंड वाकडं झालं, एक हात हलंना. माझ्याकडं तवा फटफटीच होती. आख्ख्या वाडीत गाडी एकच, ह्याची. पळत गेलो. ह्यानं किल्ली फिरवली... काय आवाजच नाय. परत फिरवली. नाय. बॉनेट उघडून कोपरापर्यंत हात काळे करून घेतले ह्यानं. गाडी मेल्यागत."

"मग?"

"मग काय. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत कडबा अंथरला आणि नेलं. दवाखान्यात म्हणले, थोडं आधी आणायला पायजे होतं."

बाबांनी सोपानकडे पाहिले.

"ह्याचा काय दोष, बाबा?" गुलाबने सोपानच्या खांद्यावर हात ठेवला. "यंत्र ते. हा तर माझ्या गळ्यात पडून रडला. पण मी तवाच ठरवलं, घेईन तर कोरी करकरीत घेईन. जुन्या गाडीच्या भरवशावर आबांचं अर्धं अंग गेलं. म्हणून ह्याला म्हणतो, विकून टाक ती. उद्या तुझ्या घरात कुणाला काय झालं तर?"

खांद्यावरचा हात सोपानला जड झाला. तो झटकवेना, ठेवूनही घेववेना.

"आबा कुठं असतात आता?" बाबांनी विचारले.

"हे काय, गाडीत बसवलंय. एसी लावून ठेवलाय. म्हणलं नव्या गाडीतनं पिराचं दर्शन घडवू. खाली उतरवायचं म्हणजे फार खटाटोप होतो, बाबा. तिथनंच हात जोडतील."

"पिराच्या दारात येऊन गाडीत कशाला? आणा त्यांना."

गुलाब उठला.

"तू बस," बाबा म्हणाले. "हा आणील."

सोपानने वर पाहिले. बाबा पुन्हा पाणी ओतायला लागले होते.

तो उठला. पायऱ्या उतरून रस्त्यापर्यंतचे अंतर थोडेसेच होते. पण वर्षभर तो ह्या माणसासमोर गेला नव्हता. आबा ओसरीवर बसलेले असत म्हणून तो बागेत जाताना ओढ्याकडून वळसा घालून जायचा. गुलाबच्या घरी जायची वेळ आली, तर आबा झोपले असतील अशी वेळ बघून जायचा. आणि लहानपणी अंजिराची छाटणी त्याला ह्याच आबांनी शिकवली होती. कुठली फांदी ठेवायची, कुठली नाही, हे मागे उभे राहून, त्याचा हात धरून.

त्याने दार उघडले. गार वारा अंगावर आला.

आबांनी मान वळवली. तोंडाची एक बाजू हसली.

"आबा... चला. धरा मला."

त्याने एक हात पाठीमागे घातला, एक गुडघ्यांखाली, आणि उचलले. केवढा हा गडी होता! अंजिराच्या दोन-दोन पेट्या एका वेळी खांद्यावर टाकणारा. आता वजनच लागले नाही.

आबांचा चांगला हात त्याच्या मानेभोवती आला आणि घट्ट बसला. दुसरा मध्ये लोंबत राहिला आणि चालताना त्याच्या मांडीवर आपटत राहिला.

पायऱ्यांशी आल्यावर सोपानला धाप लागली. चढ नव्हता तेवढा. तरीही लागली. आबांच्या तोंडातून लाळ गळून त्याचा सदरा खांद्यावर ओला झाला.

आबा काहीतरी बोलत होते. त्याने कान जवळ नेला.

"तु... तुला..."

"काय, आबा?"

"तुला... तरास."

सोपान पायरीवर तसाच उभा राहिला.

मग कसाबसा वर चढला. आबांना कट्ट्यावर टेकवले, पाठीला पोते दिले. तो तिथेच, आबांच्या पायांशी, खाली बसला.

"बाबा."

"बोल."

"तिच्यात बिघाड नव्हता."

"कुणात?"

"गाडीत..."

बाबांनी घागर खाली ठेवली.

"गाडी चालू होती," सोपान म्हणाला.

गुलाबला वाटले आपल्याला नीट ऐकू आले नाही. "काय म्हणतोस?"

सोपान त्याच्याकडे न बघता बोलत राहिला. जमिनीशी बोलल्यासारखा.

"माल भरून झाला होता. पार वरपर्यंत पेट्या. अंजीर... ऊन लागलं की संपतं. तेवढ्यात तुमच्या गोठ्यातनं तुझ्या आईची हाक ऐकली. आबा पडले ते कळलं मला. आता तू येणार, हेबी कळलं. माल उतरवायचा म्हणजे गेलाच असता. म्हणलं, चक्कर आली असंल आबांना. उन्हातान्हाचं येती. दुसरं कुणी नेईल... बॅटरीची वायर काढली आणि बसलो."

खिंडीतून वारा जात होता. आत कुणीतरी लावलेल्या उदबत्तीचा वास येत होता.

"आम्ही गेल्यावर?" गुलाबने विचारले. आवाज अगदी साधा होता.

"ट्रॅक्टर दिसंनासा झाल्यावर वायर बसवली."

"आणि?"

"बाजाराला गेलो. मागच्या रस्त्यानं."

"हात काळे झालेले तुझे."

सोपानने तळवे मांडीला पुसले.

"मी म्हणलो होतो तुला, राहू दे, हात चिरून घेशील."

"हां."

गुलाब बराच वेळ त्या पिवळट गाडीकडे बघत राहिला. तिच्याकडे पहिल्यांदाच बघत असल्यासारखा.

"वर्षभर मी तुझ्या गाडीला शिव्या घातल्या रे," तो म्हणाला. "पारावर, बाजारात, पाव्हण्यारावळ्यांत. जो भेटंल त्याला सांगितलं, जुन्या गाडीवर इसंबू नका... आणि तू शेजारी बसून ऐकत होतास."

सोपानला वाटले, आता तो मारील. मारले असते तर बरे झाले असते. पण गुलाब मारायला उठला नव्हता. तो आबांकडे गेला, वाकला, त्यांना उचलायला लागला.

एकट्याला जमत नव्हते. आबांचा लोंबता हात मध्ये येत होता. सोपान पुढे झाला.

"हात लावू नको."

सोपानने हात मागे घेतले. ते कुठे ठेवावेत हे त्याला कळेना.

गुलाबने दोनदा उचलायचा प्रयत्न केला. तिसऱ्यांदा आबा खांद्यावर आले. झोकांड्या खात तो पायऱ्या उतरला. आबांचे तोंड पाठीकडे होते. जाताना ते सोपानला सबंध दिसत होते. त्यांनी सगळे ऐकले होते. बोलणे त्यांना तसेही जमत नव्हते, पण मघाशी त्यांनी धडपड तरी केली होती. आता ते धडपडही करीत नव्हते.

गाडीला लिंबू बांधायचे राहिले. चादर चढवायची राहिली. नवी पिकअप मागे घेताना टुक टुक वाजली, वळली, आणि घाटाच्या उताराला लागली. झेंडूच्या दोन पाकळ्या रस्त्यावर पडल्या. वाऱ्याने त्याही गेल्या.

सोपान तिथेच बसून होता. तेवढ्यात घाट चढून एक ट्रक आला. ड्रायव्हर उतरला, रांजणातले पाणी प्याला, बाबांना सलाम करून गेला. त्याने सोपानकडे पाहिलेसुद्धा नाही. तरी सोपानने मान खाली घातली. आता जो येईल त्याला आपल्या तोंडावर ते वाचता येईल, असे त्याला वाटत होते.

"तुम्हाला ठाऊक होतं, बाबा?"

"मला गाड्यांतलं काय कळतं?"

"मग आबांना मलाच का आणायला लावलं?"

बाबा रांजणावर झाकण ठेवत होते.

"तुला त्यांच्याकडं बघवत नव्हतं," ते म्हणाले.

सोपानने खिशातली किल्ली बाहेर काढली.

"विकून टाकतो ती गाडी. सुरू करवत नाय. आवाज ऐकवत नाय तिचा."

"तिनं काय केलं?"

सोपानने खालच्या गाडीकडे पाहिले. मग म्हणाला, "मग मी काय करू?"

"गुलाबच्या दारात जा. उभा राहा."

"काय सांगू?"

"सांगायचं ते सांगून झालं. त्यांचं काय काम असंल ते कर."

"तो काम सांगणार नाय, बाबा. हाकलून देईल."

"देऊ दे."

"मग?"

"उद्या परत जा."

"उद्याबी हाकलंल."

"हां. हाकलंल."

सोपानने सदऱ्याचा खांदा चाचपला. तो अजून ओला होता.

"असं किती वेळा जायचं, बाबा?"

बाबांनी रिकामी घागर उचलून काखेत धरली. विहिरीकडे निघाले. चार पावलांवर थांबले, पण मागे वळले नाहीत.

"किल्ली फिरवताना गाडीनं कधी विचारलं तुला, किती वेळा सुरू व्हायचं?"