पाळीवरचं पान

त्या दिवशी ऊन असं पेटलं होतं की बोडीवरचे बगळेसुद्धा सावली धरून उभे होते. वारा होता, पण चुलीतून आल्यासारखा. मोहाची फुलं सरून गेली होती आणि झाडाखाली नुसता पाचोळा फिरत होता. ही गोष्ट आपल्या आज्याच्याही आज्याच्या वेळची. तेव्हाही आपल्या गावाचं हे तळं, ही बोडी इथंच होती, आणि गावात यायची वाट तिच्या मातीच्या पाळीवरूनच, बांधावरूनच होती. त्या दिवशी मालगुजाराच्या घरी लग्न होतं, आणि पंगतीत वाढायला डोमाजी होता.

डोमाजीसारखा वाढपी पुन्हा झाला नाही, असं म्हणतात. त्या काळी लग्नाचं नाव वाजंत्रीनं होत नसे, उष्ट्यानं होत असे. पंगत उठली आणि पानांत खूप उरलं, तर घर मोठं. कोणी पान पुसून खाल्लं, तर यजमानाचा हात आखडला. म्हणून पाहुण्यानं ‘पुरे’ म्हणायचं आणि वाढप्यानं आणखी वाढायचं, अशी रीतच होती. पाहुणा दोन्ही हातांनी पान झाकायचा आणि डोमाजी बोटांच्या फटीतून वडा सरकवायचा.

“अरे डोमाजी, पोट आहे का कोठी?”

“कोठीच आहे जी. अजून तळ दिसून राहिला.”

सगळी पंगत हसायची. पण डोमाजीच्या आग्रहाचं मूळ वेगळं होतं. आईमागं त्यानं धाकट्या भावाला, सोमाला, आपल्या वाटची आंबील पाजून वाढवलं होतं. एका वर्षी पाऊस पडला नाही आणि सोमा गावच्या इतर माणसांबरोबर पोट भरायला निघून गेला. पाळीवरून जाताना म्हणाला, “जगलो तर येतो, दादा.” तेव्हापासून डोमाजीला कोणापुढंही रिकामं पान बघवत नसे. वाढता वाढता त्याची नजर पाळीकडे जायची.

पंगती उठल्या की उष्टी पानं बोडीत जायची. पाण्याला आंबूस वास सुटला, वर हिरवी साय धरली, शिंगाड्याचे वेल कुजले. डोमाजीच्या शेजारी भिवरा नावाची ढिवरीण राहायची. तिच्या जाळ्यात मेलेले मासे येऊ लागले. ती म्हणाली, “भाऊ, तुझ्या आग्रहानं माझे मासे मरून राहिले.” डोमाजी हसला. मासे का लग्नाला आले होते, म्हणाला.

तर त्या दिवशी, ऊन कलताना, पाळीवर चालत आलेली काही माणसं मोहाखाली बसली. त्यांतला एक मांडवाच्या कडेला आला, डोक्याला फडकं, दाढी वाढलेली. कोणीतरी त्याला शेवटच्या पंगतीच्या टोकाला बसवलं. त्यानं पान इतकं स्वच्छ केलं की पळसाच्या शिरा दिसू लागल्या. ते पान पाहून डोमाजी धावत आला.

“पुरे,” तो माणूस म्हणाला. “हे त्यांना द्या.” आणि त्यानं पाळीकडे हात केला.

डोमाजीला ‘पुरे’ तेवढं ऐकू आलं, आणि ‘पुरे’ तर ऐकायचंच नसतं. त्यानं भात ओतला, वर वडे, वर बुंदी. “लाजू नका पाहुणे,” म्हणाला आणि पुढं सरकला. उपाशी राहून आखडलेलं पोट ते, त्याच्यानं एवढं खाववेना. उष्टं मांडवाबाहेर कोणी नेऊ देईना. तो डोमाजीच्या पाठीकडे बघत राहिला, मग उठला. त्याच्यासमोरच ते पान बोडीत गेलं.

संध्याकाळी भिवरा दारात आली.

“भाऊ, पंगतीच्या टोकाला बसला तो दाढीवाला आपला सोमा होता. जाता जाता माझ्या दारी आला, मी आवाजावरून ओळखला.”

“मग नाव का नाही सांगितलं त्यानं?”

“भरल्या मांडवात तुले उपाशी भाऊ दाखवायची लाज वाटली त्याले. संगं बायका-लेकरं होती. माझ्या घरी द्यायला एक मासा नव्हता रे. पुढच्या गावी काही मिळते का पाहायला गेले ते.”

डोमाजी डोक्यावर भाताची टोपली घेऊन धावला. नदीच्या वाळूपर्यंत पावलं दिसली. पुढं वाऱ्यानं पुसून टाकली होती.

परत आला तो थेट बोडीत उतरला, असं म्हणतात. कमरेइतक्या घाणीतून पानं काढत राहिला, आणि भिवराही त्याच्याबरोबर उतरली. काढलेलं सगळं खड्ड्यात पुरलं, त्याचं खत शेतात गेलं. असं म्हणतात, की शेवटचं पान बाहेर आलं तशी बोडी तळापर्यंत निवळली आणि मासे डोमाजीच्या पायांभोवती फिरू लागले.

पुढच्या लग्नात पाहुण्यानं पुरे म्हटलं आणि डोमाजीचा पळा थांबला.

“हात लुळा पडला का रे?”

“हात बरा आहे जी. कान आता ऐकून राहिले.”

त्या दिवसापासून पंगत बसायच्या आधी पहिलं पान पाळीवर वाटसरूंसाठी जाऊ लागलं, आणि उरलेलं अन्न न उष्टावता त्यामागून. दुष्काळाच्या वर्षी लांबलांबची माणसं त्या वाटेनं आली. डोमाजीच्या टोपलीचा तळ कोणाला दिसला नाही, असं म्हणतात. तो प्रत्येकाला वाढायचा आणि वाकून तोंड बघायचा. सोमा आला नाही.

आजही आपल्या गावात पहिलं पान पाळीवर जातं. एकदा पुरे म्हटलं की पळा मागं येतो, आणि बोडीत कोणी शीतसुद्धा टाकत नाही. शेवटी वाढपी जेवायला बसतात, तेव्हा भिवराच्या घरची एखादी बाई सगळ्यांत म्हाताऱ्या वाढप्यापुढं पान मांडते आणि भिवराचेच शब्द म्हणते. डोमाजी फार थकला होता तेव्हाचे ते शब्द. लग्न आटोपलं होतं, पाळीवरची माणसं जेवून गेली होती, आणि तो अजून हातात एक पान धरून वाटेकडे बघत उभा होता. भिवरानं ते पान त्याच्या हातातून घेतलं, त्याच्यापुढं मांडलं आणि म्हणाली, “आले ते सगळे जेवले, भाऊ. सोमाही कुठंतरी कोणाच्या पंगतीत बसला असंल. आता तू बस.”