चिमेचा माळ

खैरोळी आणि तांबुळवाडी या दोन गावांच्या मधोमध एक उघडा माळ आहे. मध्यावर झरा आहे, आणि झऱ्याला लागून दगडांची गुडघाभर पडकी भिंत. पाणी बारमाही, जमीन काळीभोर, तरी इथे कधी कुणी नांगर घातलेला नाही. एवढी चांगली जमीन पडीक का, असे पाहुणे हमखास विचारतात. मग खैरोळीचे दगडू गुरव टोपी काढून दगडावर टेकतात आणि सांगू लागतात. घाई असेल त्याने गुरवांना हा प्रश्न विचारू नये.

फार पूर्वी म्हणे या माळावरून दोन राज्यांत हाडवैर होते. खैरोळी करवंदगडच्या राजाची, तांबुळवाडी नांदरगडच्या राजाची, आणि झऱ्याचे पाणी दोघांनाही हवे. सुगी संपली की फौजा माळावर यायच्या आणि दोन्हीकडची तरणीताठी पोरे मातीत जायची. राजे मात्र दोघेही धडधाकट राहिले, हे गुरव मुद्दाम सांगतात.

चिमा ही खैरोळीच्या एका मेंढपाळाची लेक, दिलेली तांबुळवाडीत. एका लढाईत तिचा भाऊ या बाजूने पडला आणि नवरा त्या बाजूने. बाईला कुणासाठी आधी रडावे तेच कळेना. माहेरी म्हातारी आई उरली आणि सासरी कडेवरची लेक, तानू.

शेवटी दोन्ही दरबार थकले आणि जुन्या रिवाजाप्रमाणे निवाडा मातीवर सोपवायचे ठरले. माळाची माती डोक्यावर घेऊन एकाने चालायचे. तो ज्या राज्यात पाऊल टाकील, माळ त्या राज्याचा. माणूस मात्र दोघांना मान्य हवा. करवंदगडचा राजा म्हणाला, बाईची ओढ माहेराकडे. नांदरगडचा म्हणाला, पोर आमच्याकडे आहे, जाईल कुठे? मोठमोठे सरदार बाजूला राहिले आणि चिमेचे नाव निघाले. निवाडा होईपर्यंत कुणी शस्त्र उचलायचे नाही, आणि तिचे मन वळू नये म्हणून तिच्याजवळ कुणी जायचे नाही की तिच्याशी बोलायचे नाही, अशी दोन्ही राजांनी कुलदैवताची शपथ घेतली.

चिमा मातीची टोपली घेऊन निघाली. एका कडेला आई उभी होती, दुसऱ्या कडेला सासूच्या काखेत तानू. आईकडे जावे तर तानूच्या गावाचे पाणी तुटणार, आणि तानूकडे जावे तर आईच्या. शिवाय हरलेला राजा गप्प बसणारा नव्हता, हे तिला त्या दोन मढ्यांनी शिकवले होते. झऱ्याजवळ ती थांबली, टोपली उतरवून मांडीवर घेतली आणि खाली बसली.

"अगं, ऊठ की! निवाडा दे," दोन्हीकडचे पंच शपथ विसरून ओरडले.

"द्यायचाच हाय," चिमा म्हणाली. "पर अजून ठरंना माझं. तवर तलवारी म्यानात ठिवा."

शपथ ती शपथ. फौजा महिनाभर ताटकळल्या आणि घरी गेल्या. चिमा तिथेच राहिली. तिने दगड रचून आडोसा केला. दोन्ही गावची माणसे कडेच्या दगडावर भाकरी ठेवून मुकाट्याने निघून जात. संध्याकाळी दोन्हीकडच्या चुलींचा धूर दिसे, आणि कोणत्या घरात उशिरा चूल पेटली तेही तिला कळे. एकदा आईच्या घरचा धूर दिसायचा बंद झाला. काय झाले ते तिचे तिनेच ओळखले. फार एकटी पडली ती. पुढेपुढे ती झऱ्याशी बोले म्हणतात.

मग थोड्याच वर्षांत दोन्ही राजे म्हातारपणाने मेले. त्यांच्या मुलांनी आपसांत सोयरीक केली, पाणी वाटून घेतले आणि शपथा सोडवल्या. दोन्ही गावांत दवंडी पिटली. खैरोळीला वाटले, पोर तिकडे आहे, तेव्हा सासरच्यांनी चिमेला सांगितले असणार. तांबुळवाडीला वाटले, काही झाले तरी माहेरची माणसे आधी धावली असतील. भाकरी मात्र रोज जात होती, आणि ठेवणारा सवयीने मुकाट्याने परतत होता.

तानू मोठी झाली. तिचे लग्न खैरोळीत ठरले आणि वऱ्हाड माळावरून निघाले. झरा आला तशी नवरी गाडीतून उतरली आणि तरातरा आडोशाजवळ गेली.

"आई, किती रुसशील गं? लढाई मिटली तरी घरी आली नाहीस. मीबी हट्टानं आले नाही. आता तरी चल."

चिमेला माणसांशी बोलायची सवय राहिली नव्हती. "मिटली?" तिने विचारले. "कवा?"

"मी परकर नेसायला लागले नव्हते तवा. दवंडी झाली की! तुला सांगितलं नाही कुणी?"

चिमेने पोरीच्या वेणीला हात लावला. "मग तुझी वेणी मीच घातली असती की रोज," ती म्हणाली.

वऱ्हाडात कुणाची मान वर होईना. चिमेने नवरीला पुढ्यात बसवले, मुंडावळ्या बाजूला केल्या, घातलेली वेणी सोडली आणि पुन्हा घातली. मुहूर्त टळत होता, पण उठा म्हणायची कुणाची छाती झाली नाही. मग तिने लेकीला गाडीत बसवून दिले. स्वतः मात्र ती कुठल्याच गावी गेली नाही. तिथेच राहिली, तिथेच वारली, आणि माळ कुणाचा हे ठरायचे राहिले ते राहिलेच.

आजही माळावरून जाणारा माणूस झऱ्यापाशी थांबतो आणि घरचे, गावचे जे काही नवे असेल ते मोठ्याने सांगतो. चिमाबाई, सुताराची म्हैस व्याली. चिमाबाई, आमची थोरली नांदायला गेली. चिमाबाई, शाळेवरचे पत्रे उडाले. मागून येणाऱ्याने तीच बातमी पुन्हा सांगायची असते. आधी कुणीतरी सांगितले असेलच, असे मात्र इथे म्हणायचे नाही.