धामण आणि रताळ्यांचा वाफा

माणसांना जनावरांची बोली कळायची, त्या काळातली ही गोष्ट. सुभद्राकाकू परसात रताळ्यांचा वाफा खुरपत होत्या, तोच समोर धामण आली. काकूंनी खुरपं उगारलं.

"काकू, मला विष नाही. मी उंदीर खाते," धामण म्हणाली.

"असेल. पण तुला पाहिलं की माझे हातपाय गळतात. तू आपली जा इथून."

धामण मुकाट्याने कुंपणापलीकडे गेली. महिन्याभरात उंदरांनी अख्खा वाफा पोखरला. शेवटी काकू कुंपणाशी जाऊन म्हणाल्या, "ये गं परत."

"आता भीती नाही वाटत?"

"वाटते की! येताना जरा पाचोळा वाजव, म्हणजे मी बाजूला होईन."

तेव्हापासून पाचोळा वाजला की काकू पायरीवर जाऊन बसत, आणि धामण निघून गेली की पुन्हा खुरपायला लागत.