गेनबाचा डासबंदोबस्त

वाघजाळी गावात गेनबा नावाचा एक भोळा गडी राहायचा. सांगितलेलं तो जसंच्या तसं करायचा आणि एकदा शिकलेलं विसरायचा नाही. पंचाईत तीच होती.

त्या साली गावात तापाची साथ आली. आरोग्यसेविका कुसुमताई घरोघर सांगत फिरल्या, की डास साचलेल्या पाण्यात वाढतात, तेव्हा साचलेलं पाणी ओतून टाका. गेनबानं घरातला रांजण ओतला, हंडे ओतले, बायकोच्या हातातला तांब्याही ओतला. मग शेजाऱ्यांकडे गेला. संध्याकाळी अख्खी आळी तहानलेली होती.

ताईंनी समजावलं, की असलं पाणी ओतायचं नसतं, फडक्यानं झाकायचं. गेनबाला पटलं. दारापुढं मोठं डबकं होतं. त्यानं हौसाचा, म्हणजे बायकोचा, लग्नातला शालू काढला आणि डबकं झाकलं. सरपंच शालूवर पाय देऊन कमरेपर्यंत आत गेले.

ताई म्हणाल्या, डबक्यात जळकं तेल टाकायचं असतं. दुसऱ्या दिवशी गेनबाला म्हशीच्या हौदात अळ्या दिसल्या. त्यानं तेल ओतलं. म्हशीनं पाणी पिणं सोडलं, मग दूध देणं सोडलं.

ताईंनी कपाळाला हात लावला. हौदात गप्पी मासे सोडतात, ते अळ्या खातात, असं सांगितलं. गेनबा मासे घेऊन निघाला. वाटेत सरपंचांच्या ओट्यावर पाण्याचा तांब्या उघडा दिसला. त्यानं दोन मासे त्यातही सोडले. सरपंच माळकरी होते.

एवढ्यात हौसालाच ताप भरला. अंग नुसतं भाजत होतं. गेनबा उशाशी बसून रडायला लागला. ताईंनी धीर दिला, मच्छरदाणी दिली.

"मधे ही जाळी राहू दे, गेनबा. हिचं रक्त घेऊन उडालेला डास दुसऱ्याला चावला, की ताप पसरतो."

"म्हणजे रक्त घेऊन कुणाला जाऊ द्यायचं नाही?"

"अजिबात नाही."

ताई गेल्या. गेनबा पहाऱ्याला बसला. दुपारी आरोग्य केंद्रातले खरात रक्त तपासायला आले. हौसाच्या बोटाला सुई टोचून त्यांनी तपासणीच्या पट्टीवर थेंबभर रक्त घेतलं.

ताई परत आल्या तेव्हा हौसा ओट्यावर बसली होती. तापातही तिला हसू आवरत नव्हतं. घरात खाटेवर, चारी बाजूंनी खोचलेल्या मच्छरदाणीत, खरात मांडी घालून बसले होते.

"बाईंना मलेरिया नाही," खरात आतून म्हणाले. "मला तेवढं बाहेर काढा."

गेनबा दारात काठी घेऊन उभा होता.

"रक्त घेताना धरला, ताई," तो हळूच म्हणाला. "आपल्याला वाटलं होतं त्यापेक्षा बराच मोठा निघाला."