केसाएवढी फट

एकदा एक लेक आपल्या दिवंगत वडिलांचे लोखंड कातायचे लेथ मशीन पुन्हा सुरू करण्याचा निश्चय करून एका वृद्ध शिक्षकाच्या दारी आली. तिचे नाव वैजयंती. तिचे वडील हणमंत पांचाळ यांनी घरामागच्या पत्र्याच्या खोलीत उभे आयुष्य पाण्याच्या पंपांसाठी लोखंडी पिना बनवण्यात घालवले होते. शिक्षकाचे नाव आबाजी. तंत्रशाळेत शिकवून ते निवृत्त झाले होते. वैजयंती त्यांची विद्यार्थिनी, आणि हणमंत त्यांचे जुने स्नेही. सारा गाव आबाजींना मास्तर म्हणे.

हणमंतांचे शेवटचे वर्ष फार वाईट गेले होते. ज्या कारखान्याला ते पिना पुरवत, तिथून माल परत येऊ लागला. पिना जाड होत आहेत, छिद्रात बसत नाहीत, असा निरोप येई. हणमंत परत आलेली प्रत्येक पीन पुन्हा मोजत. त्यांच्या मापाने ती अचूक असे. तेव्हा त्यांनी चष्मा बदलला, दिवा मोठा लावला, काम निम्म्यावर आणले. तरीही माल परत येतच राहिला. अखेर एके सकाळी त्यांनी खोलीला कडी घातली आणि बायकोला म्हणाले, "माझा हात गेला." त्यानंतर ते अंगणात बसत, पण त्या खोलीकडे पाठ करून. कुणी कामाचा विषय काढला की उठून आत जात. थंडीच्या दिवसांत ते वारले.

"मास्तर, मला व्हर्नियर घ्यायचाय," वैजयंती म्हणाली. जाडी मोजायच्या त्या साधनाला, कॅलिपरला, कारागीर याच नावाने ओळखतात. "पण पडद्यावर ठळक आकडे दाखवणारा हवा. बाबांसारखी गत व्हायला नको."

"बाबांसारखी म्हणजे कशी?"

"त्यांना त्या बारीक रेघा दिसेनाशा झाल्या होत्या. नजर गेली तरी माणसाला कळत नाही. समोर आकडाच आला म्हणजे प्रश्न मिटला."

मास्तरांनी पायात चपला घातल्या आणि दोघे बाजारात गेले.

दुकानदाराने काचेवर एकाहून एक चकचकीत साधने मांडली. मास्तरांनी एकाचाही आकडा वाचला नाही. ते एकेक व्हर्नियर उचलत, त्याचे दोन जबडे हलकेच मिटवत आणि दाराच्या उजेडात धरून मिटलेल्या कडांकडे डोळा बारीक करून पाहत. मग तो बाजूला ठेवून दुसरा घेत. सर्वांत मोठ्या आकड्यांचे साधन त्यांनी सर्वांत आधी परत केले.

"मास्तर, त्याचा आकडा किती स्पष्ट आहे बघा तरी," दुकानदार जरा दुखावून म्हणाला.

"आकडा स्पष्ट आहे हो. तो खरा आहे का, एवढंच बघतोय."

अखेर एका साध्या डब्यातला, रेघांचाच व्हर्नियर त्यांना पसंत पडला. त्यांनी तो अनेकदा उघडला, मिटवला. सरकता भाग कुठे अडत नव्हता, कुठे डुगडुगत नव्हता. काउंटरवरची एकच लोखंडी गोळी त्यांनी जबड्यांच्या टोकाशी, मध्यभागी, मुळाशी अशी फिरवून मोजली. माप बदलले नाही.

"हा घे," ते म्हणाले. "याच्या जबड्यांना नीट पाणी दिलेलं पोलाद आहे, लवकर झिजणार नाही. आकडे रेघांत असोत की पडद्यावर, माप जबडे घेतात."

वैजयंतीचे समाधान झाले नाही, पण गुरूंचा शब्द तिने मोडला नाही. घराकडे येताना मास्तर एवढेच म्हणाले, "हणमंतचा व्हर्नियर आहे ना घरी? मला दाखव."

पत्र्याच्या खोलीत कोंदट वास होता. वैजयंतीने खणातून वडिलांचे साधन काढले. जुने चोरीला गेल्यावर हणमंतांनी हे घाईत कुठल्याशा जत्रेतून आणले होते, आणि त्याच्या चकाकीचे त्यांना कौतुक होते. मास्तरांनी जबडे मिटवले. रेघ बरोबर शून्यावर आली.

"बघा, अगदी बरोबर आहे," ती म्हणाली. "बाबाही रोज सकाळी शून्य बघूनच कामाला बसायचे."

मास्तरांनी ते खिडकीपाशी नेले. मिटलेल्या कडा त्यांनी उजेडात निरखल्या. मग वळून त्यांनी एक चमत्कारिक मागणी केली.

"कारखान्यानं परत पाठवलेल्या पिना कुठे आहेत?"

"बाकाखाली, डब्यात. टाकूनच देणार होते मी. बघवत नाहीत."

"काढ."

ते स्टुलावर बसले आणि पिना मोजू लागले. प्रत्येक पीन आधी नव्या व्हर्नियरने, मग हणमंतांच्या. दहा-बारा झाल्यावर थांबतील असे तिला वाटले. ते थांबले नाहीत. दुपार कलली. बापाचे अपयश कुणीतरी एकेक करून टेबलावर मांडत आहे, असे तिला वाटू लागले, आणि तिचा संयम सुटला.

"मास्तर, पुरे करा ना! त्या जाड आहेत हे सगळ्या गावाला माहीत आहे. गेलेल्या माणसाची चूक आता कितीदा मोजायची?"

मास्तरांनी हातातली पीन खाली ठेवली. त्यांचे डोळे ओले होते.

"बैस, वैजू," ते म्हणाले. "या पिना जाड आहेत, खरं आहे. पण किती? प्रत्येक पीन मापापेक्षा केसाएवढी जाड आहे. पहिलीही तेवढीच, ही शेवटचीही तेवढीच. ज्याचा हात थरथरतो, त्याची एक पीन जाड होते, एक बारीक होते, एखादी चुकून बरोबरही येते. ज्याची नजर गेली, त्याचंही तसंच. इतकी एकसारखी चूक करायला हात फार स्थिर लागतो. आता हे बघ."

त्यांनी जुना व्हर्नियर मिटवून खिडकीच्या उजेडात धरला. जबड्यांची टोके एकमेकांना घट्ट भिडली होती. पण मुळाशी, जिथे हणमंत नेहमी पीन धरत, तिथून उजेडाची एक बारीक रेघ आरपार येत होती.

"कच्चं पोलाद. ज्या जागी त्यानं रोज माप घेतलं, तीच जागा झिजली. टोकं भिडतात म्हणून शून्य बरोबर दिसतं. पीन मात्र या फटीत बसते आणि आहे त्यापेक्षा बारीक भासते. म्हणून तो ती जाड ठेवायचा. साधन खोटं बोलत होतं, वैजू. आणि साधन खोटं असेल हे त्याच्या मनात आलं नाही, कारण साधनाच्या आधी त्यानं स्वतःवर संशय घेतला. भल्या माणसांचं असंच होतं. माप चुकलं की ती आपल्यालाच उणं धरतात. आपण ज्यानं मोजतो तेच आधी तपासून घ्यावं, हे त्यांना कुणीतरी सांगावं लागतं."

वैजयंती त्या उजेडाच्या रेघेकडे पाहत राहिली. मग तिने डोळ्यांना पदर लावला.

दारात तिची आई उभी होती. ती केव्हा आली, दोघांनाही कळले नव्हते.

"म्हणजे त्यांचा हात गेला नव्हता?" तिने विचारले.

"नाही, वहिनी. हात शेवटपर्यंत शाबूत होता."

ती उंबऱ्यावरच बसली. "ते म्हणाले, माझा हात गेला. मी म्हटलं, वय झालं आता, चालायचंच. त्यांना बरं वाटावं म्हणून म्हटलं हो मी." मग ती मास्तरांना म्हणाली, "तुम्ही तर जवळचे होता. तुम्हाला का नाही दाखवलं त्यांनी?"

"लाज वाटली असेल त्याला. आणि मीही विचारलं नाही. वाटलं, दुखऱ्या जागी कशाला बोट ठेवा."

आईने मान वर केली. "मास्तर, एक काम कराल? कारखान्यात जाऊन एवढं सांगा. भरपाई नको, काही नको. फक्त सांगा, की माणसाचा हात चांगला होता."

"सांगतो," मास्तर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते कारखान्यात गेले. माल तपासणारा जुना माणूस नोकरी सोडून गेला होता. त्याच्या जागी आलेल्या तरुणाने त्यांना आदराने खुर्ची दिली, सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि शेवटी नम्रपणे विचारले, "हणमंत पांचाळ म्हणजे कोण?" मास्तरांनी त्याला सांगितले, कोण ते. त्याने मान डोलावली. पण हणमंतांना त्याने कधी पाहिलेच नव्हते, त्याला त्यातून काही उमगले नाही.

संध्याकाळी ते पांचाळांच्या घरी आले. आई अंगणातच वाट पाहत होती.

"सांगितलंत?"

"सांगितलं, वहिनी."

"काय म्हणाले?"

"ऐकून घेतलं. सगळं ऐकून घेतलं."

आईने हात जोडले आणि ती समाधानाने आत गेली. वैजयंती मात्र मास्तरांच्या चेहऱ्याकडे पाहत होती. तिथे काय झाले असेल, ते तिने त्यावरून ओळखले. ती त्यांच्याबरोबर रस्त्यापर्यंत चालत गेली आणि निरोप घेताना खाली वाकून त्यांच्या पाया पडली.

"मास्तर," ती हळूच म्हणाली, "बाबांना तिथं कुणी ओळखलं नाही, हे आईला नका सांगू कधी."

मास्तरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. मग ते अंधारून आलेल्या वाटेने एकटेच निघाले, आणि ते वळणाआड जाईपर्यंत ती तिथेच उभी राहिली.

काही न्याय इतके उशिरा मिळतात, की ते ऐकायला एखादे आपले माणूसच काय ते उरलेले असते. आणि ते उरले असेल, तर त्याला सांगायला जावे.